ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची आहे, पण विक्रेता तिसराच: दाद कोणाकडे मागायची?

थोडक्यात

• ऑनलाइन बाजारात ॲप एकाचे असते आणि विकणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. कायद्याने दोघांवर वेगवेगळी जबाबदारी टाकली आहे.
• वस्तू सदोष, बनावट, जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेली असेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.
• वस्तू चांगली आहे पण आवडली नाही, तर परत घेणे हे त्या विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते.
• मदतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. या हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते.

प्रश्न काय आहे?

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातली अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, कामासाठी देशभर पांगली आहेत. समजा, अशा एका कुटुंबातला मुलगा उत्तर कोलकात्यात बागबाजारला राहतो. ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आजही जिथे आहे, तेच हे बागबाजार. आई गावीच आहे. तिला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. दोन हप्ते साठवून तिने मुलाला सांगितले, “मिक्सर बघ एखादा.” मुलाने बागबाजारात बसून मोबाइलवर ऑर्डर दिली, २,७९९ रुपये भरले आणि पत्ता गावचा टाकला.

मिक्सर आला. ॲपवर ७५० वॅट लिहिले होते, मिक्सरच्या तळाच्या लेबलवर मात्र ५०० वॅट आहे. ओले खोबरे वाटताना तो गरम होऊन बंद पडतो. मुलाने ॲपवर तक्रार केली, तर उत्तर आले: “आम्ही फक्त बाजार उपलब्ध करून देतो, विक्रेत्याशी संपर्क साधा.” विक्रेत्याने कळवले: “या वस्तूवर परतावा नाही, फक्त बदली.” आईचे दोन महिन्यांचे पैसे अडकले आणि मिक्सर कोपऱ्यात पडून राहिला.

हे उदाहरण कल्पित असले तरी अशी उत्तरे अनेकांना मिळतात. शेतकरी सन्मान निधीचा हप्ता असो, निवृत्तिवेतन असो की लाडकी बहीणचे पैसे. ही रक्कम आता थेट खात्यात येते आणि त्यातली काही मोबाइलवरून खर्च होते. म्हणून ऑनलाइन खरेदीचे नियम माहीत असणे योजनेच्या लाभार्थींसाठीही तितकेच गरजेचे आहे.

विकणारा कोण आणि बाजार कोणाचा?

आठवडी बाजारात आपण भांडे घेतो ते गाळेवाल्याकडून. बाजाराची जागा नगरपालिकेची असली तरी भांडे फुटके निघाले म्हणून आपण नगरपालिकेत जात नाही. ऑनलाइन कंपन्या हाच दाखला पुढे करतात. पण ऑनलाइन बाजारात गाळेवाला आपल्याला दिसत नाही. पैसे ॲपवर भरायचे, पार्सलचा माग ॲपवर ठेवायचा, परत करण्याची विनंतीही ॲपवरच करायची. विक्रीमागे शुल्कही ॲपच घेते. मग ॲपने हात झटकून कसे चालेल?

यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० आहेत. हे नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांनी जबाबदारी अशी वाटली आहे:

विक्रेत्याची जबाबदारी: वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील किंवा ती ठरलेल्या वेळेनंतर आली असेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. उशीर पूर, वादळ अशा आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर तेवढी सूट आहे.

ॲपची, म्हणजे बाजार चालवणाऱ्या कंपनीची, जबाबदारी: विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहक सेवा क्रमांक ठळकपणे दाखवणे. परतावा, बदली, वॉरंटी यांची माहिती खरेदीआधी देणे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे. तक्रार निवारण अधिकारी नेमणे. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती सोडवायची.

यात एक तरतूद फार उपयोगाची आहे. खरेदी केल्यानंतर ग्राहकाने लेखी मागणी केली, तर कंपनीने त्या विक्रेत्याचा मुख्य पत्ता, ईमेल आणि वाद मिटवण्यासाठी लागणारी संपर्काची माहिती द्यायची असते. म्हणजे “विक्रेत्याशी बोला” असे सांगून ॲप मोकळे होऊ शकत नाही. विक्रेता कुठे सापडेल हे सांगणे त्याचे काम आहे.

‘परतावा नाही’ असे लिहिले असेल तर?

इथेच बहुतेकांची फसगत होते. परत करण्याची कारणे दोन प्रकारची आहेत आणि कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो.

पहिले कारण: वस्तूत दोष आहे किंवा सांगितले ते आलेच नाही. इथे परत करणे हा तुमचा हक्क आहे. ‘नॉन-रिटर्नेबल’ किंवा ‘फक्त बदली’ अशी पाटी लावून तो काढून घेता येत नाही. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर मुदत असेल तर ती धरली जाते. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस.

दुसरे कारण: रंग आवडला नाही, घरात दुसरा आहे, मन बदलले. युरोपीय संघाच्या देशांत बहुतेक ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. भारतात असा सर्वसाधारण हक्क नाही. इथे विक्रेत्याने स्वतःहून जेवढी मुदत दिली असेल तेवढीच मिळते. तो नाही म्हणाला तर कायद्याचा आधार घेता येत नाही.

म्हणून ॲपवर परत करण्याचे कारण निवडताना घाई करू नका. यादीत वरचा पर्याय दिसला म्हणून ‘आता नको आहे’ यावर बोट ठेवले, तर हक्काची मागणी विनंती होऊन बसते. पुढे आयोगात गेलात तर तुम्हीच निवडलेले ते कारण तुमच्यासमोर ठेवले जाईल. मिक्सरच्या उदाहरणात योग्य कारण आहे ‘वर्णनाप्रमाणे नाही’ किंवा ‘सदोष’. ७५० ऐवजी ५०० वॅट हा फरक लेबलवर वाचता येतो. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही.

ॲपवर दिसणारी सात किंवा दहा दिवसांची मुदत पाळा, कारण त्या काळात काम लवकर होते. पण ती उलटली म्हणजे सदोष वस्तूबद्दल दाद मागण्याचा हक्क संपला असे नाही. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.

ॲपला जबाबदार धरले गेले आहे का?

हो. यातले सर्वांत ठळक प्रकरण घरोघरी असलेल्या प्रेशर कुकरचे आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला भारतीय मानक ब्युरोचे मानक सक्तीचे झाले. म्हणजे आयएसआय चिन्ह नसलेला कुकर विकता येत नाही. तरी ऑनलाइन बाजारात असे कुकर विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये त्यावर कारवाई केली. पेटीएम मॉलवरून ३९, फ्लिपकार्टवरून ५९८ आणि ॲमेझॉनवरून २,२६५ कुकर विकले गेल्याचे त्यात समोर आले. तिन्ही कंपन्यांना आदेश झाला: खरेदीदारांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या. शिवाय प्रत्येकी एक लाख रुपये दंड.

विक्रेते दुसरेच होते, हा बचाव इथेही झाला. प्राधिकरणाने विचारले ते साधेच होते: या विक्रीतून तुम्ही शुल्क मिळवले ना? ॲमेझॉनला या कुकरच्या विक्रीतून ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक शुल्क मिळाले होते. विक्रीतून कमाई करायची आणि सुरक्षिततेचा प्रश्न आला की बाजूला व्हायचे, हे प्राधिकरणाला मान्य झाले नाही. ॲमेझॉनने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीला खरेदीदारांना कळवायला आणि दंडाची रक्कम जमा करायला सांगितले.

मात्र या प्रकरणातून जास्तीचा अर्थ काढू नये. कुकरचा प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा आणि सक्तीच्या मानकाचा होता; कारवाई प्राधिकरणाने अनेक ग्राहकांसाठी मिळून केली. एकट्याच्या मिक्सरसाठी ॲपने आपल्या खिशातून पैसे द्यावेत, असे २०२० च्या नियमांत सरळ लिहिलेले नाही. वस्तू परत घेण्याचे बंधन त्यांनी विक्रेत्यावर ठेवले आहे. विक्रेत्याच्या निष्काळजीपणामुळे वस्तू किंवा सेवा न मिळून ग्राहकाचे नुकसान झाले तर बाजार चालवणाऱ्या कंपनीने जबाबदारी घ्यावी, असा प्रस्ताव जून २०२१ च्या दुरुस्ती मसुद्यात होता. पण मसुदा म्हणजे नियम नव्हे. त्याच्या आधारे दावा करता येत नाही.

यातून ग्राहकाने घ्यायचा धडा एकच: तक्रार करताना दोघांनाही पक्षकार करा. विक्रेत्याकडे पैसे मागा, आणि ॲपने आपली कर्तव्ये पाळली का, हेही त्याच तक्रारीत विचारा. एकालाच धरले तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला तो मोकळा राहतो.

काय करायचे, क्रमाने

१. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पार्सलवरचा पत्ता, सील आणि आतली वस्तू एकाच सलग व्हिडिओत आली पाहिजे. गावी आई-वडील एकटे असतील तर शेजारच्या मुलाला बोलवा.

२. ॲपवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच काढा. ते पान नंतर बदलू शकते. वॅट, आकार, कापडाचा प्रकार, वॉरंटी हे सगळे त्यात दिसू द्या.

३. बिल उतरवून ठेवा. त्यावर विक्रेत्याचे नाव असते. ॲपचे नाव आणि बिलावरचे नाव वेगळे असेल, तर तुमचा विक्रेता तिसराच आहे.

४. खोके, लेबल आणि थर्माकोल टाकून देऊ नका. परत न्यायला आलेला माणूस ते मागू शकतो.

५. योग्य कारण निवडून परत करण्याची विनंती नोंदवा. फोटो जोडा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बोलणे फोनवर झाले असेल तर त्याचा सारांश ॲपच्या चॅटवर किंवा ईमेलवर पाठवा, म्हणजे पुरावा राहतो.

६. वस्तू परत देताना तिचा फोटो काढा आणि पोच घ्या. पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये हवेत की बँक खात्यात, असा पर्याय विचारला तर नीट वाचून निवडा. वॉलेटमधले पैसे बहुधा त्याच ॲपवर खर्च करावे लागतात.

७. उत्तर आले नाही तर ॲपवर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. मजकूर असा चालेल:

“मी (तारीख) रोजी आपल्या ॲपवरून (वस्तू) रुपये (रक्कम) देऊन घेतली. ऑर्डर क्रमांक (…). जाहिरातीत ७५० वॅट असे लिहिले होते. आलेल्या वस्तूवर ५०० वॅट आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याने ती परत घेऊन संपूर्ण रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचा पत्ता व ईमेल मला लेखी कळवावा. या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी.”

८. तरीही काम झाले नाही तर १९१५ वर फोन करा. ही हेल्पलाइन १७ भाषांत चालते. त्यात मराठी आणि बंगाली दोन्ही आहेत. मागे पडू नका: २५ एप्रिल ते ३० जून २०२५ या दोन महिन्यांच्या काळात हेल्पलाइनने १५,४२६ तक्रारींत मिळून ७.१४ कोटी रुपये ग्राहकांना परत मिळवून दिले. त्यातल्या ८,९१९ तक्रारी ऑनलाइन खरेदीच्या होत्या आणि त्यांची रक्कम ३.६९ कोटी रुपये होती. भागाकार केला तर दर तक्रारीमागे सरासरी चार हजार शंभर रुपयांच्या आसपास येतात. म्हणजे हजार-दोन हजारांसाठी कोण तक्रार करतो, असे समजू नका. लोक करतात आणि पैसे परत येतात.

९. हेल्पलाइन मध्यस्थी करते, निकाल देत नाही. कंपनी ऐकत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते.

आयोगात जायचे म्हणजे किती खर्च?

वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. हे पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी अशी विनंती करण्याचीही सोय कायद्यात आहे.

वकिलाची गरज वाटली तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक आहे १५१००.

वेळेबाबत स्पष्ट सांगायला हवे. अशी तक्रार तीन महिन्यांत आणि वस्तूची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून आधीच्या पायऱ्या मन लावून करा. बरीच प्रकरणे आयोगापर्यंत जाण्याआधीच मिटू शकतात.

तक्रार बागबाजारात की विट्यात?

परराज्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. पूर्वी विक्रेता किंवा त्याची शाखा जिथे आहे, किंवा प्रकार जिथे घडला, त्या जागेचा विचार व्हायचा. २०१९ च्या अधिनियमाने ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथेही तक्रार करण्याची मुभा दिली. विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, तिकडे जावे लागत नाही.

आपल्या उदाहरणात मुलगा बागबाजारला राहतो, म्हणून तो कोलकात्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. शहराचा कोणता भाग कोणत्या आयोगाकडे येतो ते पत्ता पाहून आधी खात्री करून घ्यावी. आणि आई? पैसे मुलाच्या मोबाइलवरून गेले तरी मिक्सर त्याच्या संमतीने आईच वापरते. कायद्याच्या व्याख्येत खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक असतो. म्हणून आई सांगली जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकते. दोघांनी मिळून एक जागा ठरवावी. एकाच मिक्सरसाठी दोन ठिकाणी तक्रार करू नये.

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते. घरी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बहिणीने ऑनलाइन शिलाई मशीन घेतले, तर ती ‘व्यावसायिक खरेदी’ म्हणून बाद होते का? होत नाही. केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यावसायिक हेतूत धरलेली नाही. घेऊन पुन्हा विकायचा माल मात्र या संरक्षणात येत नाही.

पैसे परत मिळवताना खात्यातले पैसे गमावू नका

परतावा अडला की लोक इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि बनावट नंबरवर फोन लागतो. समोरचा गोड बोलून दुसरे ॲप टाकायला लावतो किंवा पिन मागतो. ज्या खात्यात योजनेचे हप्ते येतात तेच खाते रिकामे होऊ शकते.

लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. नंबर फक्त त्या ॲपच्या आतला किंवा बिलावरचा वापरा. वस्तू परत न्यायला आलेला माणूस एक कोड मागतो, तो खरेदी ज्या मोबाइलवरून झाली त्यावर येतो. आपल्या उदाहरणात तो बागबाजारच्या मुलाच्या फोनवर येईल. माणूस दारात आला, त्याने मिक्सर ताब्यात घेतला, असे आईने कळवल्यावरच मुलाने तो कोड सांगावा. आणि संदेश नीट वाचावा: ‘पिकअप’चा कोड वेगळा, बँकेचा ओटीपी वेगळा. बँकेचा ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

जवळ ठेवायचे क्रमांक

१९१५: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन
१५१००: मोफत विधी सेवा
१९३०: सायबर आर्थिक फसवणूक

बिल, स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक या तीन गोष्टी जवळ असतील तर पुढच्या प्रत्येक पायरीवर तुमचे म्हणणे कागदावर सिद्ध होते. पुढच्या हप्त्यातून काही घेण्याआधी घरातल्या ज्या व्यक्तीच्या मोबाइलवरून ऑर्डर जाते, तिला हे पान एकदा वाचून दाखवा.